जुन्या रस्त्यानं उतरलेला कळप

"तुमच्या गाईचं नाव काय?"

प्रश्न माझा नव्हता. तो ठरला होता कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका गच्चीवर. ठरवणाऱ्या माझ्या दोघी मैत्रिणी, शाहीन आणि वैदू. मी तो फक्त विचारला, तोही ऑस्ट्रियातल्या एका डोंगरी रस्त्यावर, धापा टाकत, मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये. फोन सायकलच्या हँडलला अडकवलेला होता, व्हिडिओ कॉल चालू होता आणि त्यातून दोघींचं खिदळणं सांडत होतं.

समोर, रस्त्याच्या अगदी मधोमध, एक तपकिरी गाय उभी होती. वळण घेतलं आणि ती दिसली. दोन्ही ब्रेक आवळले तेव्हा माझं पुढचं चाक तिच्या पोटाला लागायचं तेवढं राहिलं. खरं तर त्या दरीत गाय आधी ऐकू येते आणि मग दिसते, कारण प्रत्येकीच्या गळ्यात घंटा असते. हिच्या गळ्यात काहीच नव्हतं. गाईपलीकडे निळा एप्रन बांधलेली एक म्हातारी काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे.

"श्टेर्न," ती म्हणाली.

"काय म्हणाली? काय म्हणाली?" फोनमधून शाहीन.

"श्टेर्न. म्हणजे तारा."

"कपाळावरचा ठिपका बघ की! ही तर आपली चांदी!" वैदू किंचाळली. "घंटा कुठाय तिची? विचार!"

"एकच प्रश्न ठरलावता."

"विचार गं ए. तोंड उघडलंयसच तर."

मी विचारलं. म्हातारीनं तोंड फिरवलं आणि गाईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "काढून ठेवलीय." तेवढ्यात वळणावरची रेंज गेली आणि कोल्हापूर पडद्यावर गोठलं. वैदूचं तोंड उघडं, शाहीनचे डोळे मिटलेले.

हे दोन वर्षांपूर्वीचं. आता मी इथल्या शाळेच्या वादसभेत जर्मनमध्ये भांडते आणि जिंकतेसुद्धा. त्यामुळे तेव्हाची केतकी चौगुले कशी होती हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. बाबा शिरोलीच्या फाउंड्रीत ओतकामाचे इंजिनियर. ग्राइनटाल नावाच्या या दरीत रोपवेचे लोखंडी भाग ओतणारा एक कारखाना आहे, तिथं त्यांना एका वर्षासाठी बोलावलं आणि आम्ही तिघं आलो. कोल्हापुरात मी वर्गाची तोंडाळ पोर होते. मास्तर मला गप्प बसवून दमायचे. इथं आल्यावर मीच गप्प झाले. कुणी त्रास दिला असं नाही. मुली चांगल्याच होत्या, पण त्या बालवाडीपासून एकमेकींच्या होत्या आणि त्यांची बोली माझ्या पुस्तकातल्या जर्मनसारखी नव्हती. मी वाक्य मनात जुळवून तयार होईपर्यंत त्यांचा विषय बदललेला असायचा. मधल्या सुट्टीत मी डबा घेऊन सायकलींच्या शेडमध्ये जायची. तिथं निदान माझ्या ओळखीचं कुणीतरी होतं.

म्हणजे माझी सायकल. लाल, जुनी, बाबांनी कारखान्यातल्या एकाकडून घेतलेली. तिच्यावरून मी ती सगळी दरी पिंजून काढली. मुख्य रस्ता नदीच्या उजव्या काठानं जातो, त्यावरून बसगाड्या आणि पर्यटक. डाव्या काठानं जुना रस्ता आहे. पूर्वी दुधाच्या गाड्या तिथून जायच्या. आता अरुंद डांबर, कडेला गवत आणि सायकलचं चित्र काढलेल्या पिवळ्या पाट्या. आधी गिरणीचा पूल लागतो, मग बंद पडलेली लाकूडवखार, मग देवदारांची सावली आणि तिच्यात चढत जाणारी वळणं. शेवटी धरण. पाणी असं हिरवट-पांढरं, जणू कुणी त्यात ताक ओतलंय. दुपारभर चालवलं तरी एखाददुसराच माणूस भेटायचा आणि तोही मान हलवून पुढं जायचा. सुंदर म्हणजे इतकं सुंदर, की 'बघ ना!' म्हणायला शेजारी कुणी नाही याचा राग यायचा.

मैत्रिणींना मात्र मी सांगून ठेवलं होतं की इथं माझी लेना नावाची जिवलग मैत्रीण आहे. लेना होती, माझ्याच वर्गात होती. तिनं एकदा माझ्याकडून खोडरबर घेतलं होतं आणि परतही दिलं होतं. त्या दिवशी शाहीन म्हणाली, "लेनाला फोन दे की जरा," आणि मी म्हटलं, "ती आज आली नाही." शाहीन पोलिसाची पोर. "गेल्या शनिवारी पण न्हवती," ती म्हणाली. "खरं सांग. तू शेवटचं कुणाशी बोललीस तिथं?"  मग दोघींनी फर्मान काढलं. आता, या रस्त्यावर, जो पहिला माणूस दिसेल त्याला आम्ही सांगू तो एक प्रश्न विचारायचा. नाही विचारला, तर आमच्याशी बोलायचं नाही.

तर, रेंज गेली. मी आणि ती म्हातारी. आणि श्टेर्न.

"तू कुणाची?" तिनं विचारलं.

मला हसूच आलं. कागलजवळच्या आमच्या गावी पारावरचे म्हातारे अगदी हेच विचारतात. "कुणाची न्हाईस" असं कुणी नसतंच, एवढंच त्यात गृहीत असतं.

"कारखान्यातल्या भारतीय इंजिनियरची. तुम्ही इथं राहता?"

"'तुम्ही' खाली गावात. इथं वर सगळे 'तू'च म्हणतात. मी बुर्गी."

साठ-पासष्टीच्या बाईला 'तू' म्हणायला जीभ रेटेना. आमच्याकडे ही मावशी असती. मी जर्मनमध्ये 'तू' म्हटलं आणि मनातल्या मनात 'मावशी' जोडून दिलं.

"सायकलवरून रोज जातेस. बघते मी वरून," बुर्गी म्हणाली. "एकटीच."

"हो. पण आता थोडेच दिवस. ऑक्टोबरमध्ये मी भारतात परत जाणार."

"अस्सं." तिनं काठीनं श्टेर्नला हलकेच वळवलं. "शनिवारी गायी खाली आणतेय. त्या दिवशी सकाळी इथं वेगानं येऊ नकोस. धडकशील."

"पण शनिवारी तर सगळे कळप मुख्य रस्त्यानं येणार ना? बँडबिंड लावून?"

"सगळे येतील," ती म्हणाली. "माझा या रस्त्यानं."

"का?"

"मोकळा असतो."

आणि ती गेली. गाईच्या खुरांचा आवाज तेवढा बराच वेळ येत राहिला.

ऑक्टोबरचं मी खोटं सांगितलं नव्हतं, पण ते अजून नक्कीही नव्हतं. बाबांचं काम वाढलं होतं, आणखी तीन वर्षं. आई-बाबांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, की तुला आत्याकडे राहून जुन्या शाळेत दहावी करायची असेल तर कर, इथं राहायचं असेल तर राहा, आम्ही तोंडातून शब्द काढणार नाही. तिकिटाचं रविवारी ठरवायचं होतं. माझं उत्तर मला केव्हाच माहीत होतं. फक्त ते ऐकताना आईचा चेहरा कसा होईल, याची मला धास्ती होती. तिलाही इथं माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

शुक्रवारी रात्री जेवताना बाबा म्हणाले, "काय मग आमची तुफान मेल, उद्या येणार न्हवं गायींची मिरवणूक बघायला? आपल्या बेंदरासारखीच असती म्हणं."

"मी सायकलवर जातो."

"जा-ते," आई म्हणाली. आई पुण्याची. कोल्हापूरच्या मुली 'आलो, गेलो, जेवलो' म्हणतात हे तिला लग्नानंतर सोळा वर्षांनीही सहन होत नाही. "आणि सणाच्या दिवशी एकटी कुठं जाणार तू?"

"तिकडंच. जुन्या रस्त्यानं."

आईनं पुढं काही विचारलं नाही. ती हल्ली विचारायची बंद झाली होती, आणि तेच जास्त लागायचं.

शनिवारी सकाळी गाव सजलं होतं. मुख्य रस्ता गाड्यांना बंद. दुतर्फा बाकडी, तळलेल्या पिठाचा वास, चामड्याच्या आखूड चड्ड्या घातलेले म्हातारे. पलीकडच्या काठावरून मला पहिला कळप येताना दिसला. गायींच्या डोक्यावर फुलांचे उंच मुकुट, मधोमध आरसा, गळ्यात पातेल्याएवढ्या घंटा. नुसता गजर! उन्हाळाभर डोंगरावर चरलेल्या गायी सुखरूप खाली आल्या म्हणून हा सण. मला आमच्या गावचे बैल आठवले. बेंदराला त्यांची शिंगं रंगवतात, बेगड लावतात, पाठीवर झूल घालतात. काकांचा हात शिंगाला, माझ्या हातात रंगाची वाटी.  मी सायकल वळवली आणि मिरवणुकीकडे पाठ करून सुटले.

वखारीच्या पुढं, सावलीत, तो कळप भेटला.

आधी आवाजच आला नाही. मग नुसती खुरं. डांबरावर ओल्या पावलांसारखा फटफट आवाज. सर्वांत पुढं श्टेर्न. तिच्या मागं बाकीच्या. एकीच्याही डोक्यावर फूल नाही, गळ्यात घंटा नाही, कपाळाला साधी फीत नाही. आणि सगळ्यांच्या मागं एकटी बुर्गी, घामानं भिजलेली, कारण पुढं राहिलं तर मागच्या गवतात शिरतात आणि मागं राहिलं तर पुढच्या भरकटतात.

"बाजूला हो!" ती ओरडली. मग मला ओळखून, "नाहीतर असं कर. आली आहेसच, तर तू पुढं हो. हळूहळू. श्टेर्न तुझ्या मागून येईल. तिला रस्ता माहितीय. तिला फक्त पुढं कुणीतरी दिसायला हवं."

मी सायकलवरून उतरले आणि हँडल धरून पुढं चालू लागले. कानाशी श्टेर्नचा गरम श्वास. खरं सांगते, त्या क्षणी मला मिरवणूक नसल्याचं मुळीच वाईट वाटलं नाही. कितीतरी महिन्यांनी मी कुणाच्यातरी पुढं किंवा मागं होते. कुणाच्यातरी रांगेत होते.

वखारीपाशी दगडी हौद आहे. तिथं गायी पाण्याला थांबल्या. बुर्गीनं मोजलं आणि कपाळाला हात लावला. "एक कालवड मागं राहिली. पाय दुखतोय तिचा. मी घेऊन येते. तू यांच्यापाशी थांब."

ती दिसेनाशी झाली. पलीकडच्या काठावरून बँड वाजत होता. इथं पाणी पिण्याचा आवाज. मी श्टेर्नकडे पाहिलं. कपाळावर चांदी घेऊन, सणाच्या दिवशी, एवढी देखणी गाय उघडीबोडकी. मला वाटलं, बिचारीला एकटीला एवढ्या गायी सजवायला कसं जमणार? कोण आहे तिला मदतीला? वखारीच्या पडक्या कुंपणाआड झेंडू फुलला होता, अगदी आपला गेंदेदार झेंडू. आणि मागच्या कुरणात केशरासारखी जांभळी फुलं गवतातून नुसती वर आलेली. झेंडूचा हार करायला कोल्हापूरच्या पोरीला सुईसुद्धा लागत नाही. मी जॅकेटची नाडी ओढून काढली. एक झेंडू, एक जांभळं, एक झेंडू, एक जांभळं. श्टेर्ननं मान खाली घातली, जणू तिला माहीतच होतं. हार दोन्ही शिंगांत नीट बसला.

पाणी पिऊन झालं तशा गायी आपण होऊनच निघाल्या. मी ओरडून विचारलं, "बुर्गी, निघू का?" मागच्या वळणावरून "हो, हो, चल!" ऐकू आलं. मी पुढं झाले. छाती अशी फुगली होती म्हणून सांगू! आज माझ्यामुळे या कळपाला सण मिळाला. पुलापाशी आल्यावर लोक बघतील, विचारतील, ही कोण?

गिरणीच्या पुलावर जुना रस्ता गावात शिरतो. तिथं मिरवणूक बघून परतणारी गर्दी होती. कळप दिसला तसे लोक बाजूला झाले आणि बोलायचे थांबले. पुरुषांनी टोप्या काढून हातात घेतल्या. मला वाटलं, केवढा मान! मग श्टेर्न उन्हात आली, तिचं डोकं दिसलं आणि एक कुजबुज पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. एका म्हाताऱ्यानं टोपी हातात तशीच धरून डोळे खाली घातले.

गर्दीतून लेना आली. बँडचा लाल कोट, काखेत ट्रम्पेट. खोडरबरानंतर ती पहिल्यांदाच माझ्याशी बोलत होती.

"हार कुणी घातला?"

"मी."

"का?"

"आज सण आहे म्हणून."

"त्यांच्या घरी नाही," लेना हळूच म्हणाली. मला कळावं म्हणून ती पुस्तकातल्या जर्मनमध्ये, एकेक शब्द सुटा करून बोलत होती, आणि त्यामुळे ते जास्तच ऐकू आलं. "बुर्गीची बहीण रोझी. दर उन्हाळ्यात तीच गायी घेऊन वर राहायची. जुलैमध्ये ती वरच वारली. घरात कुणी गेलं की त्या वर्षी गायी फुलांशिवाय येतात. घंटा नाही, हार नाही, मिरवणुकीत नाही. सगळ्यांना माहीत असतं ते." तिनं ट्रम्पेट काखेतून हातात घेतलं. "तुला कुणी सांगितलं नाही?"

मला कोण सांगणार होतं?

लंगडणाऱ्या कालवडीला घेऊन बुर्गी आली. लोकांनी तिला वाट दिली. तिनं श्टेर्नकडे पाहिलं, मग हार दोन्ही हातांनी सोडवला. घाईनं नाही, अगदी निगुतीनं. तो मनगटावर अडकवला आणि माझ्याकडे न बघता गायींच्या पुढं होऊन चालू लागली. त्या शांततेत खुरांचा आवाज पुलाची गर्दी मागं टाकून काठाकाठानं जुन्या रस्त्यानंच पुढं गेला.

मी सायकलवर टांग टाकली आणि पळाले. घरी नाही, वर. वखार, सावली, वळणं. पायांत गोळे येईपर्यंत, छाती फुटेपर्यंत, धरणापर्यंत. तिथं कठड्यावर बसले. समोर ते ताकासारखं पाणी, वर बर्फाची शेंडी, खाली गावाचा ठिपका. अख्ख्या दरीत एक माणूस नाही. त्या रस्त्यावर मी शंभरदा एकटी गेले होते, पण एकटेपणा असा मानगुटीवर कधी बसला नव्हता. मी ठरवून टाकलं. रविवारपर्यंत कशाला थांबायचं? आजच सांगायचं, तिकीट काढा म्हणून.

धरणावर रेंज असते. मी शाहीनला फोन लावला.

"काय गं, कशाला रडालीस?"

मी सगळं सांगितलं. एरवी ही मधेमधे तोंड घालते, पण आज गप्प ऐकत होती. मग म्हणाली, "तुझे तात्याकाका गेले त्या वर्षीची दिवाळी आठवती?"

"तिचं काय इथं?"

"तुमच्या घरात कढई चढली न्हवती. दुखवटा म्हणून. आमच्या अम्मीनं चिवडा, करंज्या, लाडू केले आणि डबा भरून दिलावता. मीच घेऊन आलोवतो. तुझ्या आईनं दार उघडलं, डबा बघितला आणि दारातच रडायला लागली. मला वाटलं, झालं, काहीतरी लई मोठं चुकलं आपलं. डबा तिथंच टाकून मी पळालो."

"तू पळालीवतीस?"

"पळालो की! चपला पण तिथंच राहिल्या. अम्मीनं कान धरून परत पाठवलं. म्हणली, रडली म्हणजे डबा घेतला. ज्याच्या घरी माणूस गेलंय ते करत नसतात, शेजाऱ्यांनी आणून द्यायचं असतं. जा, चपला घेऊन ये आणि नीट बोलून ये."

मला हसू आलं. रडत रडतच. "पण ते आपल्याकडं, शाहीन. इथं तसं नसतं."

"मग सांग तिला, आमच्याकडं असतं म्हणून. तोंड दिलंय न्हवं देवानं? आणि चपला सोडून पळू नको माझ्यागत."

बुर्गीचं घर नदीपलीकडे, पुलापासून धरणाच्या उलट दिशेला, जुन्या रस्त्याच्या अगदी शेवटी, टेकाडावर. मी पोचले तेव्हा गोठ्यात दुधाचं यंत्र धडधडत होतं. दारातच उभी राहिले. वर खिळ्यांना घंटा टांगलेल्या, लहान-मोठ्या, एका ओळीत, काळ्या फडक्यानं झाकलेल्या. खिडकीच्या फळीवर माझा हार.

"मी माफी मागायला आलेय," मी म्हटलं.

बुर्गीनं वळून पाहिलं. "मला राग आलाय," ती म्हणाली. "अजून गेलेला नाही. तो जाईपर्यंत ही बादली धर. वासराला पाजायचंय."

मी बादली धरली. वासरानं ढुशी दिली, निम्मं दूध माझ्या बुटांवर.

"घट्ट धर! ती जांभळी फुलं कुठली आणलीस?"

"कुरणातली."

"विषारी असतात. शेजारच्या गाईनं हार ओढून खाल्ला असता तर मेली असती. या वर्षी मला अजून एक मरण नकोय."

 केशराची बहीण वाटणारं ते फूल! आमच्याकडे ते उगवतच नाही, मला कसं कळावं? पण हे मी बोलले नाही. म्हटलं, "मला माहीत नव्हतं. रोझीचंही माहीत नव्हतं."

ते नाव ऐकून ती यंत्र बंद करायला वळली. धडधड थांबली. गोठ्यात फक्त रवंथ.

मग मी बोलले. मनात वाक्य न जुळवता, चुकतमाकत, हातवारे करत. आमच्याकडे पण घरात माणूस गेलं की त्या वर्षी सण करत नाहीत. तळण नाही, गोड नाही, रांगोळी नाही. पण बाकीचे घेऊन येतात. दारात आणून देतात. काका गेले तेव्हा माझ्या मैत्रिणीनं आणलं होतं.

"मेलेल्याच्या घरी गोड आणतात?" बुर्गीनं विचारलं.

"हो. घरच्यांनी करायचं नसतं. आणलेलं नाकारायचं नसतं."

"कोण आणतं?"

"शेजारी."

तिनं ओल्या फडक्यानं श्टेर्नची कास पुसली. बराच वेळ पुसली.

"रोझी पुढं चालायची," ती म्हणाली. "चाळीस वर्षं. मी मागं. आज मला वाटलं होतं, पुढं कुणी नसताना श्टेर्न निघायचीच नाही. वरच्या कुरणापासून वखारीपर्यंत मी नुसती ओरडत आले." मग फडकं बादलीत टाकून माझ्याकडे वळली. "तू ऑक्टोबरात जाणार म्हणालीस ना?"

"हो."

"मग तू शेजारीण कशी? तू पाहुणी. पाहुणे इथं पुष्कळ येतात. गायींचे फोटो काढतात, फुलं तोडतात, छान छान म्हणतात आणि जातात. पाहुण्यांची फुलं मी घरात ठेवत नाही." तिनं खिडकीकडे बोट केलं. "जाताना तो हार घेऊन जा."

ती रागानं बोलली नव्हती. कालवडीचा पाय दुखतोय, हे सांगितलं होतं तशाच आवाजात बोलली होती. मी वासराची बादली धुतली, पालथी घातली. खिडकीपाशी गेले. झेंडू अजून ताजा होता. जांभळी फुलं तिनं सगळी काढून टाकली होती. जिथं ती होती तिथं माझ्या जॅकेटची नाडी दिसत होती.

मी हाराला हात लावला नाही. "येते," असं मी मराठीतच म्हटलं आणि बाहेर पडले.

परतीचा रस्ता उताराचा. पायडल मारावं लागत नाही. पिवळ्या पाट्या, गवत, नदी. समोरून कुणी आलं नाही. मला कुणी भेटायला हवं आहे, असंही त्या दिवशी वाटलं नाही. मनात एकच वाक्य होतं, आणि ते मी व्याकरण न तपासता घरापर्यंत घेऊन आले.

आई-बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. बाबांच्या गळ्यात मिरवणुकीतला कागदी हार, समोर लॅपटॉप. मी दारात दिसताच आई उठली.

"कुठं होतीस दिवसभर? आणि हे बुटांवर काय सांडलंय? दूध?"

"बाबा, उद्या तिकीट काढू नका."

बाबांनी लॅपटॉपवरचा हात उचलला. "म्हंजे? नोव्हेंबरचं बघू?"

"कुठलंच नको. शेजाऱ्यांना असं सोडून जाता येत नाही."

"शेजारी?" आई म्हणाली. तिचा आवाज कुठं जावं हे न कळल्यासारखा मधेच थांबला. "खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर्षभरात कशा आहात म्हणून विचारलं नाही. कुठले शेजारी, केतू?"

"नदीपलीकडचे. जुन्या रस्त्यानं सायकलवर अर्धा तास. मी राहणार आहे, आई. आणि यंदा दिवाळीला करंज्या-लाडू थोडे जास्त कर. त्या घरी या वर्षी सण नाही. फराळ आपण नेऊन द्यायचाय."